त्र्यंबकराव सरांचे पाय

त्र्यंबकराव राजेश्वरकर सरांचे पाय गोरे होते. माणसाचं वर्णन पायापासून सुरू करणं बरं दिसत नाही. पण या माणसात पायाखेरीज सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं, आणि जे होतं ते त्यांनी स्वतःच पायापाशी आणून ठेवलं होतं. सर अनवाणी चालत. उन्हाळा असो की चिखल, हेडमास्तरांच्या खुर्चीत बसताना आणि मोठे साहेब तपासणीला आले तरीही. आणि एवढं असून टाचेला एक भेग नाही. आमच्या वस्तीतल्या बायांच्या टाचा अशा फुटलेल्या असत की त्यात ज्वारीचा दाणा सहज बसावा. सरांच्या टाचा धुऊन ठेवलेल्या बशीसारख्या. अनवाणी माणसाचे पाय असे कसे, हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी पडला आणि त्याचं उत्तरही लवकरच मिळालं.

आमचं गाव बिदरकडच्या औराद तालुक्यात, संतपूरच्या पुढे. राज्य तेव्हा म्हैसूरचं, वरून येणारे कागद कानडीत, शाळा मराठी आणि सर निजामाच्या काळात हैदराबादला शिकलेले, त्यामुळे रागावले की उर्दूत रागावत. मी त्याच गावची, बौद्ध वस्तीतली. शिकून आले आणि त्याच शाळेत शिक्षिका झाले याचं वस्तीला कौतुक होतं. शाळेला ते तितकं नव्हतं, पण सरांना मी आले याचा आनंद झाला. त्यांना नवा माणूस भेटला की आनंदच होई, कारण जुन्या सगळ्यांना त्यांचा एक ठरलेला शब्द सांगून झालेला होता.

नवा माणूस समोर बसला की सर खुर्चीत थोडे मागे रेलत, एक पाय दुसऱ्यावर टाकत आणि तो पुढे काढत. इतका पुढे की समोरच्याला त्याबद्दल काही विचारल्यावाचून राहवू नये. मी काही विचारलं नाही. तेव्हा त्यांनीच विचारलं, "बाई, हे काय आहे, माहीत आहे?"

मी म्हटलं, "पाय."

"अनुपोदेतोस," सर म्हणाले, आणि पुढचा तास संपेपर्यंत मी त्या शब्दाच्या तावडीत सापडले.

शब्द ग्रीक. विशेषण. सर त्याचे तुकडे करून दाखवत, जेवणावळीत बुंदीचा लाडू फोडून वाटावा तसे. अन् म्हणजे नाही. हुपो म्हणजे खाली, जोडताना त्यातला ह गळतो. देतोस म्हणजे बांधलेला. ज्याच्या पायाखाली काहीही बांधलेलं नाही, असा तो. ग्रीक लोकांचं पादत्राण म्हणजे तळ आणि तो बांधायचे पट्टे, म्हणून त्यांच्याकडे जोडा घालणं म्हणजे खाली बांधणं. त्यांच्यातले एक थोर तत्त्वज्ञ भर थंडीत, बर्फावरूनही असेच चालत, आणि बूट घातलेले शिपाई त्यांच्याकडे बघून मनात खजील होत. एवढं सांगून झालं की सर स्वतःच्या पायाकडे बघत. त्या तत्त्वज्ञांचं आणि आपलं घराणं एकच असावं, असं त्या बघण्यात असे.

मला शब्द आवडला होता, हे मी नाकारत नाही. सर आवडले नाहीत, पण शब्दाचा त्यात दोष नव्हता. आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या गुरुजींना मी तो सांगितला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, मग आपलं अनवाणी काय वेगळं आहे? संस्कृतात जोड्याला उपानह म्हणतात, त्यातही बांधणंच आहे. त्या उपानहाची वहाण झाली, आणि ती नसलेला तो अनवाणी. तिकडे जशी बांधणी, तशीच इकडे. मी हे मोठ्या उत्साहाने सरांना जाऊन सांगितलं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. आपला दागिना शेजारणीच्याही गळ्यात दिसावा तसं त्यांचं तोंड झालं.

"मराठीत ते दारिद्र्य आहे, बाई," ते म्हणाले. "ग्रीकमध्ये ती निवड आहे."

आता त्या निवडीची व्यवस्था सांगते. सरांचं घर पाटील गल्लीत. तिथून शाळेपर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी बाभळी. शाळेचा शिपाई इस्माईलभाई रोज सकाळी सरांच्या दारापासून शाळेच्या पायरीपर्यंत वाट झाडायचा. काटे, काचा, खडे, सगळं. शाळेचं अंगण झाडायला मग त्याला वेळ उरत नसे, ते मुलं झाडत. उन्हाळ्यात त्या वाटेवर दोन ठिकाणी ओलं तरट पसरलेलं असे, सरांनी थांबून तळवे निववावेत म्हणून. शाळेत पोचल्यावर तांब्याभर पाणी आणि पंचा तयार. घरी गेल्यावर त्यांच्या बायकोने कोमट पाण्यात पाय धुऊन खोबरेल चोळायचं, हे तर गावाला माहीत होतं, कारण सर ते ओसरीवर बसूनच करून घेत. स्वतःच्या पायापर्यंत वाकलेलं त्यांना मी कधी पाहिलं नाही. धोतराचा सोगा पायात आला तरी ते उभे राहून इकडे तिकडे बघत, आणि कोणी ना कोणी वाकत असे.

इस्माईलभाईला मी एकदा विचारलं की तुम्ही स्वतः टायरच्या चपला घालता आणि यांच्या अनवाणीपणासाठी राबता, हे कसं काय? तो झाडू थांबवून म्हणाला, "बाई, उनके पावां हैं. हमारे तो खुरां हैं."

आणि हा माणूस शनिवारी प्रार्थनेनंतर मुलांना सांगे की पृथ्वीशी नातं जोडायचं असेल तर मधे कातडं नको. समोर बसलेल्या निम्म्या मुलांच्या पायात कातडं कधी आलंच नव्हतं. पृथ्वीशी त्यांचं नातं इतकं घट्ट होतं की चिखल्यांनी बोटं सडत.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. गावात त्यांना मारुती म्हणत, पाटलाच्या ओट्यावर बसणारे मारत्या म्हणत. दीक्षा घेतली त्यानंतर अप्पांनी दोन गोष्टी केल्या. घरातले जुने देव पोचवून बुद्धाची तसबीर लावली, आणि संतपूरच्या बाजारातून स्वतःसाठी वहाणा आणल्या. जाड तळाच्या, करकर वाजणाऱ्या. आमच्याकडे पायताण म्हणतात. त्याला ते तेल लावत, वळचणीला उन्हापासून जपत आणि शेताला जातानाही घालत. पण वस्तीतून रस्त्याला लागायचं तर वाट पाटील गल्लीतूनच होती, आणि त्या गल्लीत आमच्या माणसांनी पायताण हातात घेऊन चालायचं हा रिवाज होता. हे कोणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. पाटलाच्या ओट्यावर माणसं बसलेली असत, तेवढं पुरे होतं. मी शाळेला जाताना ओढ्यातून लांबचा वळसा घालून जायची, कारण त्या ओट्यासमोरून चपला हातात घेऊन जाणं मला जमणारं नव्हतं. अप्पांना बैल घेऊन ओढ्यातून जाता येत नसे. गल्लीच्या तोंडाशी ते वाकत, पायताण काढत, काखेत धरत आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा घालत.

घरात शिरतानाही ते पायताण बाहेर काढत. मी एकदा रागाने म्हणाले की एवढंच काढायचं असेल तर घेतलं कशाला. तेव्हा ते म्हणाले, "घरात काढतो ते माझ्या मनानं. गल्लीत काढतो ते त्यांच्या. दोन्ही एक न्हाई, पोरी."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

एका वर्षी बिदरहून एक पाद्री शाळा बघायला आले होते. म्हातारे, मिशनच्या दवाखान्यात काम केलेले, मराठी छान बोलत. सरांनी नेहमीप्रमाणे पाय पुढे काढला आणि शब्द सांगितला. पाद्रीबाबांचा चेहरा उजळला. त्यांना ग्रीक खरोखर येत होतं. त्यांनी आनंदाने दोन-चार वाक्यं ग्रीकमध्ये म्हटली आणि उत्तराची वाट बघत बसले. सरांनी चहा आला का ते बघायला इस्माईलभाईला हाक मारली. तेव्हा आम्हा सगळ्यांना कळलं की सरांना ग्रीक येतं ते तेवढंच, एक विशेषण. समुद्राचं पाणी बाटलीत भरून आणावं आणि दर्यावर्दी म्हणून मिरवावं, त्यातली गत.

पाद्रीबाबा मनाने मोकळे होते, त्यांना सरांची फजिती झाली हे कळलंही नाही. ते पुढे म्हणाले की हा शब्द तत्त्वज्ञांपुरता नाही. बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात तो हरलेल्या कैद्यांसाठी येतो. जिंकलेला राजा त्यांना उघडे आणि अनवाणी करून हाकत नेतो, तिथेही हाच शब्द. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. पायाखाली काही बांधलेलं नाही, इतकंच तो शब्द सांगतो. ते स्वतः सोडलं की कोणी सोडायला लावलं, याबद्दल त्याच्यात अक्षर नाही. सर मात्र म्हणाले, "तो उपयोग गौण आहे." आणि चहा आला.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला सगळा गाव लोटला. पुढच्या खुर्च्यांवर पाटील, त्यांचा मुलगा आणि त्यांचे पाहुणे. मागे सतरंजीवर बाकीचे, त्याच्याही मागे आमची वस्ती. माईक बिदरहून भाड्याने आणलेला, त्यामुळे सरांना दम निघत नव्हता. त्यांनी अनुपोदेतोस सांगितला, तत्त्वज्ञ सांगितले, बर्फ सांगितला. आणि मग म्हणाले की उपदेशापेक्षा उदाहरण मोठं, आणि माझ्या उदाहरणाचा प्रभाव या गावावर पडलेला मी रोज माझ्या ओसरीवरून बघतो. बौद्ध वस्तीतली साधी, अडाणी माणसं माझ्या दारावरून जाताना आदराने पायताण हातात घेतात. त्यातला पहिला शिष्य मारुती.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. शेजारच्या गुरुजींनी मान खाली घातली, तेव्हा कळलं की बरोबरच ऐकलं होतं. हा माणूस इतकी वर्षं त्या गल्लीत राहत होता. पाटलाच्याच घरात, भाडं न देता. त्याच्या डोळ्यासमोर रोज सकाळ-संध्याकाळ माणसं वाकत होती, आणि त्याला वाटत होतं ती त्याच्या पायांसाठी वाकतात. त्याने सोंग घेतलं असतं तर मी त्याला लबाड म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याला ते मनापासून वाटत होतं. स्वतःखेरीज दुसरं काही दिसायचंच नाही अशी डोळ्यांची घडण असते काहींची.

सरांनी अप्पांना वर बोलावलं. अप्पा उठले. व्यासपीठाच्या पायरीशी त्यांनी पायताण काढलं नाही, घालूनच वर चढले. सरांनी हार घातला आणि दोन शब्द बोला म्हणाले.

अप्पांना माईकची सवय नव्हती. ते त्याच्यापासून जरा लांबच उभे राहिले, पण मैदान इतकं गप्प होतं की शेवटपर्यंत ऐकू गेलं.

"सर, मी पायताण तुमच्यासाठी काढत न्हाई," ते म्हणाले. "पाटलाच्या ओट्यावर माणसं बसलेली असतेत, म्हणून काढतो. न्हाई काढलं तर काय हुतंय ते माझ्या बापानं बघितलंय."

सर हसत होते, कारण हसणं कधी थांबवायचं ते त्यांना सुचलं नसावं. अप्पांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही म्हणायलाव, अनवाणी चालणं मनाचं असावं. मला पटलं. मग उद्या सकाळी मी पायताण घालून गल्लीतून जातो. तुम्ही तसंच, बिनपायताणाचं, माझ्या संग चला. दोघं आपापल्या मनानं चालू."

यात मागणं केवढं होतं ते सगळ्यांना कळलं. सर बरोबर असते तर कोणाची हात उचलायची छाती झाली नसती. पाटलाच्या घरात राहणारा, गावाचा हेडमास्तर, जातीनेही वरचा. चार पावलं चालायची होती, आणि तीही झाडून ठेवलेल्या वाटेवरून. सरांनी समोरची गर्दी बघितली, माईक बघितला आणि म्हणाले, "अवश्य." टाळ्या पडल्या. सगळ्यात मागून आमच्या वस्तीच्या पडल्या. सरांनी त्यासुद्धा दोन्ही हात जोडून स्वतःसाठीच घेतल्या.

सकाळी मी ओढ्यातून गेले नाही. अप्पांच्या मागे थोडं अंतर ठेवून गल्लीच्या तोंडाशी गेले. आई वस्तीच्या टोकाशी उभी होती, पदर तोंडात धरून. ओट्यावर पाटलाचा मुलगा आणि तीन-चार जण आधीच येऊन बसले होते. इस्माईलभाईने वाट नेहमीपेक्षा लवकर आणि नेहमीपेक्षा लख्ख झाडली होती. सरांचं दार बंद.

अप्पांनी हाक मारली. दार थोडं उघडलं आणि सरांच्या बायको बाहेर आल्या. खाली बघत म्हणाल्या की यांच्या पायात काटा मोडलाय, पाऊल टाकवत नाही. इस्माईलभाई झाडू घेऊन तिथेच उभा होता. तो त्यांच्याकडे बघत राहिला. त्या वाटेवर काटा असणं म्हणजे त्याच्यावर आळ होता. मग तो झाडू भिंतीला टेकवून तिथून निघून गेला, आणि त्या दिवसापासून त्याने ती वाट कधी झाडली नाही.

खिडकीत सर दिसले. पायाला पांढरी पट्टी बांधलेली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पायाला काहीतरी बांधलेलं मी बघत होते.

अप्पांनी खिडकीकडे एकदा बघितलं. मग चालू लागले, एकटेच. करकर असा आवाज त्या गल्लीत मी पहिल्यांदा ऐकला. ओट्यासमोर पाटलाच्या मुलाने त्यांना अडवलं. मारहाण फार झाली नाही, दोन थपडा आणि ढकलाढकली. पण खाली पाडून पायताण ओढून काढलं आणि गोठ्याच्या पत्र्यावर भिरकावलं. अप्पा उठले, धूळ झटकली आणि अनवाणी शेताकडे गेले. मी शाळेत गेले. मुलांना काय शिकवलं ते मला आठवत नाही.

पट्टी सुटल्यावर सर शाळेत आले तेव्हा मी त्यांच्या खोलीत गेले. मला ओरडायचं होतं, पण एवढंच विचारलं, की का नाही आलात? सर कागदावर सही करत होते. ती पुरी करून, टोपण नीट लावून म्हणाले, "बाई, व्रत हे एकट्याचं असतं. त्यात दुसऱ्याला घ्यायचं नसतं."

माणसाबद्दल मला राग आला तर तो पुढे कमी होतो. त्या दिवशी आला तो राग नव्हताच. पायाखाली काहीतरी ओलसर यावं आणि पाय झटकावासा वाटावा, तसं झालं. ती किळस अजून आहे.

पुढच्या बाजाराला अप्पांनी दुसरं पायताण आणलं. या वेळी गल्लीत त्यांच्याबरोबर वस्तीतली चौघं-पाचजणं होती, सगळी पायात काही ना काही घालून. पाटलाने त्या हंगामात आमच्या माणसांना कामावर बोलावलं नाही. आई खुरपायला दुसऱ्या गावी जाऊ लागली. अप्पा म्हणायचे, चालायला लांब पडतंय, पण पायात हाय तर काय हुतंय. पुढे पाटलाचा मुलगा तालुक्याच्या निवडणुकीला उभा राहिला आणि मतं मागायला वस्तीत आला. त्यानंतर ओट्यावरच्यांना कोणाच्या पायात काय आहे ते दिसेनासं झालं. रिवाज मोडला तो असा. कोणी सभा घेतली नाही, ठराव केला नाही.

सरांच्या निरोपसमारंभात मात्र त्यांनी तो स्वतःच्या खात्यावर मांडला. या गावात मी आलो तेव्हा माणसं भीतीने अनवाणी चालत, आज मनाने चालतात किंवा चालत नाहीत, हे माझ्या पावलांचं ऋण आहे, असं म्हणाले. लोकांनी नारळ दिला, शाल दिली. मी गेले नव्हते, गुरुजींनी सांगितलं. गुरुजी म्हणाले, त्यांचा स्वर भरून आला होता. आला असेल. स्वतःबद्दल बोलताना त्यांचा नेहमीच यायचा.

बऱ्याच वर्षांनी, म्हैसूरचं कर्नाटक झालं त्यालाही काळ लोटला होता, मी बिदरला गेले होते. अप्पा थकले होते, बाजाराला जाणं होत नव्हतं. त्यांच्यासाठी जोडी घ्यायची म्हणून एका चपलांच्या दुकानात शिरले. बाकावर एक म्हातारा बसला होता. मऊ कापडी पट्ट्यांचे, डॉक्टरने सांगितलेले असतात तसले जोडे समोर मांडलेले. साखरेचा आजार असणार. पाय अजून गोरे होते, पण सुजलेले, आणि एका पायाचा अंगठा नव्हता.

सरांनी मला ओळखलं नाही. दुकानदार आत माप शोधायला गेला होता. एका पायात जोडा अडकवलेला, पट्टा सुटलेला. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पाय पुढे केला. तोच, हैदराबादी ऐटीने.

"बाई, हा पट्टा जरा बांधा."

मी म्हटलं, "सर, मी मारुतीची लेक. तुमच्या शाळेत होते."

ते आठवू लागले. आठवलं असावं, कारण डोळ्यांत काहीतरी हललं, पण ते ओशाळलेपण मुळीच नव्हतं. "हां, मारुती," ते म्हणाले. "माझा पहिला शिष्य. अजून जातो का तसा, अनवाणी?"

माझ्या हातात अप्पांची नवी जोडी होती, जाड तळाची. ती मी त्यांना दाखवली. सरांनी तिच्याकडे बघितलं, काही कळल्यासारखं दिसलं नाही, आणि पाय आणखी थोडा पुढे केला.

मी दुकानदाराला हाक मारून जोडीचे पैसे दिले आणि पायरी उतरले. रस्त्यावरून एकदा मागे बघितलं. दुकानदार पुन्हा आत गेला होता. सर तसेच बसले होते, सुटलेला पट्टा लोंबत होता आणि तो गोरा पाय हवेत धरून ठेवलेला होता, कोणीतरी वाकेल म्हणून.